वाचक विचारतात : डिक टायगर, आखूड हात आणि बॉक्सिंगची पोरं

मागच्या अंकात नायजेरियाचा मुष्टियोद्धा डिक टायगर याच्यावर एक पानी टिपण दिलं होतं. इंग्लंडमध्ये सुरुवातीला ओळीने चार पराभव, मग मिडलवेटचं (१६० पौंडांपर्यंतच्या गटाचं) जगज्जेतेपद दोनदा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यावरच्या लाइट हेवीवेटचंही, मग बायाफ्राच्या, म्हणजे नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या आग्नेय भागाच्या युद्धात कमावलेलं बहुतेक सगळं गेलं, आणि शेवटी संग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी, एवढाच त्यातला ऐवज. त्यावर ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. निम्मी टायगरविषयी, निम्मी घरातल्या पोरांच्या बॉक्सिंगविषयी. आम्ही दोन्ही एकत्रच घेतो आहोत, कारण टायगरचं बलस्थान म्हणजे पाय, आणि पोरांचं अडतं तेही तिथेच.

प्रश्न : आमच्या इमारतीत भाड्याने राहणारे एक नायजेरियन गृहस्थ म्हणतात की डिक टायगर हे त्याचं खरं नाव नव्हे, आणि त्याला नायजेरियाचा म्हणण्यापेक्षा इग्बोंचा म्हणा. खरं काय? (एक वाचक, खारघर)

गृहस्थ बरोबर सांगताहेत, पण अर्धंच. त्याचं नाव रिचर्ड इहेतू. जन्म १४ ऑगस्ट १९२९, गाव अमाइग्बो, आजच्या इमो राज्यात. नायजेरियाच्या आग्नेय भागातला इग्बो समाज व्यापारउदिमासाठी ओळखला जातो. टायगरही त्याला अपवाद नव्हता. आबा या बाजारपेठेच्या शहरात तो रिकाम्या बाटल्यांची खरेदी-विक्री करायचा, आणि बॉक्सिंग शिकला तेही तिथेच. १९५२ पासून तो पैसे घेऊन लढू लागला.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० ला स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत टायगर जगज्जेता. तेव्हा तो अख्ख्या देशाचा होता. १९६३ मध्ये त्याची मायदेशातली लढत झाली ती इबादानला, म्हणजे इग्बोंच्या नव्हे तर योरुबांच्या मुलखात, आणि तिथलं प्रेक्षागृह त्याच्याच बाजूने ओरडत होतं. १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, आणि ३० मे १९६७ ला आग्नेय भागाने बायाफ्रा म्हणून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. टायगर बायाफ्राच्या बाजूने उभा राहिला. तुमचे शेजारी बोलताहेत ते त्या नंतरच्या टायगरबद्दल.

प्रश्न : नायजेरियाचा पहिला जगज्जेता टायगरच ना? (एक वाचक, पनवेल)

नाही. पहिला होगन ‘किड’ बॅसी, फेदरवेटमध्ये, म्हणजे १२६ पौंड किंवा साधारण ५७ किलोंच्या गटात. कालाबारकडचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिव्हरपूलला गेला, १९५५ मध्ये बेलफास्टला बिली ‘स्पायडर’ केलीला आठव्या फेरीत पाडून ब्रिटिश साम्राज्याचा किताब घेतला. सँडी सॅडलरला डोळ्याच्या दुखापतीने निवृत्त व्हावं लागलं आणि जागा रिकामी झाली. २४ जून १९५७ ला पॅरिसमध्ये शरीफ हामियाविरुद्ध बॅसी दुसऱ्या फेरीत खाली पडला, उठला, आणि दहाव्या फेरीत त्यानेच लढत संपवली. पुढच्या वर्षी विली पेपसारख्या माजी जगज्जेत्यालाही त्याने बॉस्टनमध्ये नवव्या फेरीत थांबवलं. १९५९ मध्ये डेव्ही मूरकडून लागोपाठ दोनदा हरल्यावर त्याने हातमोजे उतरवले आणि नायजेरियाचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला.

याच मालिकेतला तिसरा माणूस नोजिम मायेगुन. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लाइट मिडलवेटचं कांस्य त्याने मिळवलं, आणि ते नायजेरियाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. तेव्हा ‘पहिला कोण’ विचाराल तर तिघांनाही वेगवेगळा मान आहे.

प्रश्न : टायगर इंग्लंडमध्ये पहिल्या चार लढती ओळीने हरला असं तुम्ही लिहिलंत. माझा मुलगा तीन स्पर्धांत तीनदा हरलाय. घरचे म्हणतात सोडून दे. टायगरला कुणी सोडायला कसं सांगितलं नाही? (एक पालक, कोलशेत रोड, ठाणे)

टायगर १९५५ च्या अखेरीस लिव्हरपूलला पोचला तेव्हा त्याचं वय सव्वीस होतं. चारही पराभव गुणांवर झाले, त्याला कुणी झोपवलं नव्हतं. हा फरक मोठा आहे. गुणांवर हरणारा माणूस उभा असतो, मार सहन करतो, फक्त त्याचे ठोसे पोचत नाहीत किंवा पंचांना दिसत नाहीत. शिवाय इंग्लंडमध्ये त्या काळी निकाल एकटा रेफरी द्यायचा. समोरचे गोरे पोरगे डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकत मागे सरकायचे, टायगर पुढे चालत राहायचा आणि फेऱ्या संपायच्या. ताकद होती, पण अंतर कापायची कला अजून यायची होती.

ती आली, तिला दीड वर्ष लागलं. मे १९५७ मध्ये लंडनला त्याने टेरी डाउन्सला थांबवलं. डाउन्स तेव्हा नवखा होता, पण हाच डाउन्स १९६१ मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला. २७ मार्च १९५८ ला लिव्हरपूलमध्येच पॅट मॅकअटीरला नवव्या फेरीत पाडून टायगरने साम्राज्याचा मिडलवेट किताब घेतला. १९५९ मध्ये तो अमेरिकेत गेला.

तुमच्या मुलाबाबत सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, तो गुणांवर हरला की रेफरीने लढत थांबवली? वारंवार थांबवावी लागत असेल तर पोराला स्पर्धेत घाईने उतरवलंय. सहा महिने स्पर्धा बंद, सराव चालू. दोन, समोरच्या मुलाच्या किती लढती झाल्या होत्या? पहिल्या लढतीच्या मुलासमोर पंधरा लढतींचा मुलगा उभा करणं हे आपल्याकडे सर्रास घडतं, आणि त्या निकालावरून काहीच कळत नाही. तीन, तिन्ही लढतींत चूक एकच आहे का? मोबाइलवर चित्रण असेल तर आवाज बंद करून बघा. बहुतेक वेळा तिन्ही वेळा ठोसा एकाच जागी लागलेला दिसतो. ते प्रशिक्षकांना दाखवा. ते बघायलाच तयार नसतील तर मुलगा नाही, प्रशिक्षक बदला.

प्रश्न : मी दहावीत आहे, उंची कमी आहे. माझ्या वजनगटात सगळे माझ्यापेक्षा उंच. जॅब मारायला गेलो की आधी त्यांचाच लागतो. टायगर काय करायचा? (एक विद्यार्थी, कळवा)

टायगर ५ फूट ८ इंच होता आणि आयुष्यभर आपल्याहून उंच माणसांशी लढला, तेव्हा तू योग्य माणसाबद्दल विचारलंस. सगळे त्याच्या डाव्या हुकचं, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेल्या ठोशाचं, कौतुक करतात, पण हुक मारण्याइतकं जवळ तो पोचायचा कसा, हे शिकण्यासारखं आहे. तो धावत आत शिरत नसे. हात गालाशी, हनुवटी छातीकडे, आणि अर्ध्या अर्ध्या पावलाने पुढे.

आता तुझ्यासाठी. तू उजव्या हाताचा आहेस असं धरतो.

त्याच्या जॅबच्या टप्प्याबाहेर, पण जेमतेम बाहेर उभा राहा. फार लांब राहिलास तर तुला दोन पावलं चालावी लागतात आणि त्या दोन पावलांत तू मार खातोस, तुझं नेमकं हेच होतंय. त्याचा जॅब निघाला की डोकं उजवीकडे चार बोटं सरकव, जास्त नको. त्याच क्षणी पुढचा डावा पाय अर्धं पाऊल पुढे, आणि मागचा पाय तेवढाच मागोमाग. इथे बहुतेक पोरं चुकतात. पुढचा पाय जातो, मागचा राहतो, पाय फाकतात आणि मग ठोशात जोर येत नाही, कारण जमिनीला रेटा द्यायला मागचा पाय जागेवर नसतो.

आत शिरताना तुझा जॅब तोंडावर नको, छातीवर मार. डोकं हलतं, छाती हलत नाही. शिवाय छातीवर लागला की त्याचे हात खाली येतात. मग डावा हुक आधी बरगड्यांवर, नंतर डोक्यावर.

हुकमध्ये कोपर मुठीच्या उंचीला आणि काटकोनात. पुढच्या पायाची टाच उचलून बाहेर वळव, कंबर तिच्याबरोबर वळते आणि मूठ वळते ती कंबरेमुळे. मूठ तुझ्या नाकाच्या रेषेत थांबव, पलीकडे नेऊ नकोस. उजवा हात गालाला चिकटलेलाच. बिघडतं कुठे तेही सांगतो. हुकआधी हात मागे घेतलास तर समोरच्याला आमंत्रण दिलंस. कोपर खाली राहिलं तर ठोसा न होता चापट बसते आणि पंच गुण देत नाहीत. टाच जमिनीलाच राहिली तर कंबर अडते आणि पीळ गुडघ्यात जातो. हुकच्या सरावानंतर पुढचा गुडघा दुखत असेल तर कारण हेच.

सरावाला फक्त दोरी लागते. तुझ्या खांद्याच्या उंचीला तीन-चार मीटर सुतळी ताणून बांध. दोरीच्या एका बाजूला डोकं, पाऊल पुढे, गुडघे वाकवून दोरीखालून दुसऱ्या बाजूला, पुन्हा पाऊल. कंबरेत वाकायचं नाही, नजर खाली न्यायची नाही, कारण खाली बघणाऱ्याला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, लागतो. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. पहिला आठवडा नुसते पाय. दुसऱ्या आठवड्यात जॅब घाल. तिसऱ्यात दोरीखालून डावीकडे बाहेर आलास की हुक. सोसायटीच्या गच्चीवर करणार असशील तर जून ते सप्टेंबर करू नकोस. शेवाळावर पाय सरकला की घोटा जातो आणि हंगामही.

आणखी एक. टायगर पंधरा फेऱ्या लढायचा. सहाव्या-सातव्या फेरीनंतर समोरचा दमायचा आणि मग टायगरचं राज्य. तुझ्या गटात दोन-दोन मिनिटांच्या तीनच फेऱ्या. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा कमी. पहिली फेरी अंदाज घेण्यात घालवलीस तर उरलेल्या दोन्ही जिंकाव्याच लागतात. त्यामुळे टायगरचे पाय घे, त्याची सबुरी घेऊ नकोस. आणि हे सगळं स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, करून बघताना हेडगार्ड, गमशील्ड (दातांवरचं कवच), कमरेखालचा गार्ड, जाड हातमोजे आणि प्रशिक्षक, या पाचांतलं एक जरी नसलं तर रिंगमध्ये उतरायचं नाही.

प्रश्न : मुलीच्या करंगळीच्या बाजूला हातावर सूज येते. सर म्हणतात हँडरॅप (हातमोज्याच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी) नीट बांधत नाही. नीट म्हणजे कसं? आणि पावसाळ्यात ते वाळतच नाहीत. (एक आई, ऐरोली)

आधी सुजेबद्दल. करंगळीखालचं हाताचं हाड बारीक असतं, आणि मूठ वाकडी लागली की भार त्याच्यावर येतो. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी बसायला हवा. सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचतं किंवा मूठ वळताना करंगळी आत वळते असं असेल तर रॅपचा विचार नंतर, आधी एक्स-रे.

स्पर्धेत चालतो तो रॅप जास्तीत जास्त ४.५ मीटर. लहान हाताला तीन-साडेतीन मीटर पुरतो. जास्त लांब घेतला तर हातमोजा घट्ट होतो आणि मूठच पुरी वळत नाही. बांधताना बोटं पूर्ण फाकवून ठेवायची आणि मनगट सरळ. अंगठ्यात फास अडकवा, पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. तळव्याकडून नेली तर मूठ वळताच सैल होते. मनगटाला तीन वेढे, वर येऊन बोटांच्या गाठींवर तीन वेढे. मग मनगटाकडून करंगळी आणि अनामिकेच्या मधून एक फेर, परत मनगटाकडे. तसाच अनामिका-मध्यमा आणि मध्यमा-तर्जनी यांच्यामधून. अंगठ्याला एक वेढा. उरलेली पट्टी पुन्हा गाठींवर दोनदा आणि शेवट मनगटाला, चिकटपट्टी वरच्या बाजूला.

तपासणी सोपी आहे. मूठ वळली की घट्ट वाटावं, उघडली की मोकळं. नखावर दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबीपणा परत यायला हवा. बोटं थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. आणि पट्टी तळव्यात गोळा होत असेल तर ती बोटांच्या मधून गेलेली नाही, हे नक्की. आमच्या मते मुलींच्या सुजेचं मोठं कारण म्हणजे मोठ्या मापाचे मोजे. अकादमीतले सामायिक मोजे मुलांच्या हाताच्या मापाने घेतलेले असतात. आत हात हलतो आणि मूठ तिरकी बसते. हे सरांना विचारा.

पावसाळ्याचं म्हणाल तर दोन नाही, तीन जोड्या ठेवा. घरी आल्यावर गुंडाळी लगेच सोडायची, साबणाने हाताने धुऊन पंख्याखाली लांब पसरायची. दोरीवर चार पदरी टाकली की मधला भाग ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. मोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. मोजे बॅगेत बंद करून ठेवायचे नाहीत. बाहेरच्या वाऱ्यावर ठेवले तर आतला घाम सुकतो, उन्हात ठेवले तर मात्र कातडं तडकतं.

प्रश्न : मुलगा सोळाचा, वजन ५८ किलो. सर म्हणतात स्पर्धेआधी चार किलो उतरव, खालच्या गटात पदक नक्की. दोन दिवस पाणी कमी आणि प्लॅस्टिकचा सूट घालून धावायला सांगितलंय. चालेल का? (एक पालक, घणसोली)

चालणार नाही. आमचं मत इतकं स्पष्ट लिहिण्याचं कारण आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की दम आणि लक्ष दोन्ही घसरतात. ५८ किलोंच्या मुलाला ही मर्यादा सव्वा किलोच्या आत येते. चार किलो म्हणजे जवळजवळ सात टक्के. व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांचं वजन आता आदल्या दिवशी होतं, त्यांना भरून काढायला जवळपास पूर्ण दिवस मिळतो. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, आणि प्रत्येक लढतीच्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी उतरवलेलं वजन उपांत्य फेरीपर्यंत तसंच धरून ठेवायचं, म्हणजे रोज तहानलेल्या मेंदूवर ठोसे घ्यायचे.

आणि आपल्या हवेत प्लॅस्टिकचा सूट नकोच. ठाण्या-नवी मुंबईच्या दमटपणात घाम आधीच उडत नाही, नुसता वाहतो. घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. वर प्लॅस्टिक चढवलं की आतली उष्णता अडकते. डोकं दुखणं, गरगरणं, उलटीसारखं वाटणं, किंवा घाम अचानक थांबणं, यातलं काहीही दिसलं तर सावली, पाणी, ओले कपडे आणि थेट दवाखाना.

डिक टायगरने याच्या नेमकं उलट केलं. मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, साधारण ७२.५ किलो. तो गट हातचा गेल्यावर तो वर चढला, १७५ पौंडांच्या, म्हणजे ७९.४ किलोंच्या गटात. वजन फुगवलं नाही, मर्यादेच्या बरंच खाली राहूनच मोठ्या माणसांशी लढला. १६ डिसेंबर १९६६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होजे टोरेसला गुणांवर हरवून जगज्जेता झाला. नैसर्गिक वजनाला ताजातवाना माणूस, वाळवलेल्या वजनाच्या पहिलवानापेक्षा चांगला लढतो.

वाढत्या वयाच्या मुलाचं वजन कमी करायचंच असेल तर ते फक्त आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त नाही, तेही हंगामाच्या बरंच आधी. भाकरी-भाजी-डाळ-अंडी तशीच ठेवा. वडापाव, फरसाण, शीतपेयं आणि क्लासवरून येताना खाल्लेली चायनीज भेळ थांबवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच फरक दिसतो. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा. प्रशिक्षक ऐकत नसतील तर ५८ च्या आसपासच्या गटात नाव द्या आणि पदक नाही मिळालं तर नाही मिळालं.

प्रश्न : टायगरच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची लढत कोणती मानता? (एक वाचक, नेरूळ)

बहुतेक जण २३ ऑक्टोबर १९६२ ची सांगतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवरची, ज्यात जीन फुलमरला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून टायगरने पहिला जागतिक किताब घेतला. फेब्रुवारी १९६३ मध्ये लास वेगासला दोघांची लढत बरोबरीत सुटली. आमच्या लेखी तिसरी मोठी. १० ऑगस्ट १९६३, इबादानचं लिबर्टी स्टेडियम. नायजेरियाच्या भूमीवरची ही पहिली जगज्जेतेपदाची लढत. सातव्या फेरीनंतर फुलमरच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी त्याला पुन्हा उठू दिलं नाही. फुलमर त्यानंतर कधी लढला नाही.

चारच महिन्यांनी, ७ डिसेंबर १९६३ ला अटलांटिक सिटीत टायगरने तो किताब जोई जार्डेलोकडे गमावला. न्यू जर्सीत तेव्हा निकाल एकट्या रेफरीच्या हातात. परतीची लढत मिळायला जवळजवळ दोन वर्षं लागली. तो रिकामा बसला नाही. मे १९६५ मध्ये रुबिन ‘हरिकेन’ कार्टरला तीनदा जमिनीवर बसवलं, आणि २१ ऑक्टोबर १९६५ ला जार्डेलोकडून किताब परत घेतला. ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाने त्याला १९६२ आणि १९६५ अशी दोन वर्षं वर्षातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा ठरवलं. एप्रिल १९६६ मध्ये एमिल ग्रिफिथने तो किताब गुणांवर काढून घेतला. टायगर लढतीनंतर खळखळ करत बसला नाही, वरच्या गटात गेला.

प्रश्न : एवढा मोठा माणूस शेवटी संग्रहालयात पहारेकरी कसा झाला? पैसे उडवले का? (एक वाचक, नौपाडा)

उडवले नाहीत. मुष्टियोद्ध्यांच्या मानाने टायगर फार काटकसरी होता. कमाई त्याने लागोसमध्ये इमारतींत गुंतवली. चूक गणितात नव्हती, नकाशात होती. १६ मे १९६७ ला त्याने टोरेसला दुसऱ्यांदा हरवलं (निकाल विभागून आला आणि टोरेसच्या चाहत्यांनी रिंगकडे बाटल्या भिरकावल्या), आणि दोनच आठवड्यांत बायाफ्रा जाहीर झालं. लागोस केंद्र सरकारच्या ताब्यात. बायाफ्राची बाजू घेतली आणि तिथली मालमत्ता हातची गेली. बायाफ्राच्या सैन्यात त्याला लेफ्टनंट केलं. काम सैनिकांची शारीरिक तयारी करून घेण्याचं आणि त्यांचं मनोधैर्य राखण्याचं. मधूनच तो अमेरिकेत येऊन लढायचा. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं, बायाफ्रा उरलं नाही. त्याच्या महिनाभर आधी, ब्रिटन नायजेरियाच्या केंद्र सरकारला मदत करतंय म्हणून, त्याने आपला एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान ब्रिटिशांना परत पाठवला होता.

जुलै १९७० मध्ये ग्रिफिथशी हरलेली लढत शेवटची ठरली. ८२ लढती, ६० विजय, १९ पराभव, ३ बरोबरी. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी. तिथे असतानाच यकृताचा कर्करोग निघाला. मायदेशी परतायची परवानगी मिळाली, आणि १४ डिसेंबर १९७१ ला आबामध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं.

प्रश्न : बॉब फॉस्टरने टायगरला झोपवलं ते वय झाल्यामुळेच ना? (एक वाचक, सीवूड्स)

वय होतंच, अडतीस. पण नुसतं वय असतं तर त्यानंतर पाचच महिन्यांत फ्रँक डीपॉलाला आणि १९६९ मध्ये मिडलवेटचा त्या वेळचा जगज्जेता निनो बेनवेनुतीला तो हरवू शकला नसता. २४ मे १९६८ ला अडचण उंचीची झाली. फॉस्टर ६ फूट ३ इंच. टायगरच्या अर्ध्या पावलाचा हिशेब ५ फूट १० इंचांच्या माणसांना पुरत होता, फॉस्टरला पुरेना. तो आत पोचायच्या आधीच फॉस्टरचा हात पोचत होता. चौथ्या फेरीत डावा हुक लागला आणि टायगर दहा मोजेपर्यंत उठला नाही. साऱ्या कारकिर्दीत असं एकदाच झालं.

प्रश्न : जुन्या लढतींची चित्रफीत मुलांना दाखवायची आहे. कुठून सुरुवात करू? (एक क्रीडाशिक्षक, वाशी)

टोरेसविरुद्धच्या पहिल्या लढतीपासून. आवाज बंद. पहिल्या फेरीत फक्त टायगरचे पाय बघायला सांगा, दुसऱ्या फेरीत फक्त त्याचा उजवा हात ठोशानंतर कुठे परत येतो ते. तिसऱ्यात मुलांनी जॅब मोजायचे, छातीवरचे वेगळे आणि तोंडावरचे वेगळे. सगळी लढत एका बैठकीत दाखवू नका. तीन फेऱ्या दाखवा आणि लगेच मैदानावर न्या, नाहीतर पोरं फक्त बघत बसतात. फॉस्टरची लढत दुसऱ्या आठवड्यात, तीही पहिल्या फेरीपासून, कारण शेवटच्या हुकची तयारी आधीच्या तीन फेऱ्यांत झालेली आहे.

२५ ऑक्टोबर १९६८ ची डीपॉलाची लढत मात्र सगळ्यात शेवटी, आणि चौदाच्या खालच्या मुलांना नकोच. दुसऱ्या फेरीत टायगर दोनदा खाली, तिसऱ्यात डीपॉला दोनदा. ‘द रिंग’ने ती त्या वर्षाची सर्वोत्तम लढत ठरवली. पण ती बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी गार्ड सोडून नुसती घणाघाती झुंज खेळतात, आणि ते मोडायला आठवडा जातो.